डॅडी मेला, हे कशावरून?

जॉर्ज अँडरसनची साक्ष वाचताना माझी बोटं आपोआप टेबलावर हलायला लागतात. सगळी नोकरी सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून झाली. साक्षीदाराने बोलायचं, साहेबांनी सांगायचं, आपण टाइप करायचं. मधे कोणी हुंदका दिला तर तो कागदावर येत नाही. फार तर ‘साक्षीदारास पाणी देण्यात आले’ एवढंच येतं. त्यामुळे जुना जबाब वाचताना मला आधी ओळींच्या मधली जागा दिसते आणि मग ओळी.

अँडरसन 1838 सालचा. न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत काळ्या पाण्यावर धाडलेला कैदी, आणि एका खून खटल्यात सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार. सिडनीच्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी हा खटला सविस्तर छापला, आणि ते अंक आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात घरबसल्या वाचता येतात. निवृत्तीनंतर लोक गीतेचे अध्याय काढतात, मी हे काढून बसते. घरच्यांनी बोलणं सोडून दिलंय.

खटला मायल क्रीकचा. सिडनीपासून फार आत, ग्वायडर नदीच्या खोऱ्यात, हेन्री डँगर नावाच्या बड्या जमीनदाराचा गुरांचा तळ होता. मालक दूर हंटर नदीकाठी राहायचे आणि आतल्या मुलखात गुरं राखायला कैदी ठेवायचे. सरकारच कैदी बिनपगारी कामाला देत असे. त्या तळावर विराएराय जमातीचे काही मूळनिवासी येऊन राहिले होते. चार्ल्स किलमीस्टर नावाच्या कैदी गुराख्यानेच त्यांना येऊ दिलं होतं आणि संध्याकाळी त्यांच्यात बसून तो नाचगाणं करायचा. मुलांना गोऱ्यांनी नावं दिली होती. एक थोराड म्हातारा होता, त्याला सगळे ‘डॅडी’ म्हणत. तळाचा कारभारी विल्यम हॉब्स कोर्टात म्हणाला की गोरा असो की काळा, इतका धिप्पाड माणूस त्याने दुसरा पाहिला नाही.

10 जून 1838, रविवार. हॉब्स गुरं घेऊन दूर गेला होता. जमातीतले धडधाकट दहा पुरुष सकाळीच शेजारच्या तळावर झाडांच्या साली काढायला गेले होते. मागे बायका, मुलं, म्हातारे. दुपार कलताना बंदुका, पिस्तुलं, तलवारी घेऊन घोडेस्वार आले. ती माणसं जीव वाचवायला, तळावरच राहणाऱ्या अँडरसनच्या झोपडीत शिरली. स्वारांनी त्यांना एका लांब दोराने एकत्र बांधलं. चालता येत नव्हतं अशी तान्ही पोरं आयांच्या पाठीवर होती. किलमीस्टर, कालपर्यंत त्यांच्यात नाचणारा, त्या स्वारांबरोबर निघाला. अँडरसनने जागेवरून हलायचं धाडस केलं नाही. थोड्या वेळाने त्याला बंदुकीचे बार ऐकू आले. दोनच.

या ‘दोनच’पाशी मी दरवेळी थांबते. अठ्ठावीस माणसं आणि दोन बार. सरकारी वकिलाला याचा वेगळा अर्थ सांगत बसायची गरज नव्हती, कारण अँडरसनने पुढे सांगितलं की एकाने नंतर त्याला म्यानातून तलवार काढून दाखवली, ती रक्ताने माखलेली होती. खोटं रचणारा साक्षीदार बार वाढवतो. दहा ऐकले, वीस ऐकले म्हणतो. ज्याने खरंच कान लावून ऐकलेलं असतं तो हिशेबात न बसणारा आकडा सांगतो आणि तिथेच राहतो. हा कायद्याच्या पुस्तकातला नियम नव्हे, टाइपरायटरमागे बसून आलेली समज आहे. तिला तेवढंच वजन द्यावं.

हॉब्स काही दिवसांनी परतला. त्याच्या साक्षीतला एक तुकडा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. आधी पाऊस होऊन गेल्याने जमीन ओली होती, माग स्पष्ट उमटले होते. दोन्ही बाजूंना घोड्यांच्या टापा आणि मधे अनवाणी पावलं, त्यात लहान मुलांचीही. झोपडीपासून अर्ध्या मैलावर माग संपला. परत फिरलेल्या टापा होत्या, परत फिरलेलं पाऊल एकही नव्हतं. तिथे अर्धवट जळलेल्या प्रेतांचा ढीग होता. त्याने मोजायचा प्रयत्न केला. कधी कमी भरत, कधी जास्त. जास्तीत जास्त अठ्ठावीस भरले. हा आकडा आला तो असा, पुन्हा पुन्हा चुकत केलेल्या मोजणीतून.

असल्या गोष्टी त्या मुलखात नव्या नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत वॉटरलू क्रीकला खुद्द सरकारी घोडदळाने मूळनिवासींना मारलं होतं आणि त्याचा खटला कधीच उभा राहिला नाही. मायल क्रीकचं वेगळेपण एवढंच की हॉब्स गप्प बसला नाही. शेजारच्या फ्रेडरिक फूटने घोड्यावरून सिडनी गाठली. गव्हर्नर जॉर्ज गिप्स नुकताच आलेला होता. त्याने एडवर्ड डेनी डे या पोलीस मॅजिस्ट्रेटला शिपाई देऊन पाठवलं. डे जुलैअखेर पोचला तोवर जागेवर दात आणि हाडांचे तुकडेच उरले होते. पण जबाब घेत घेत त्याने बारापैकी अकरा जणांना पकडलं. बारावा जॉन फ्लेमिंग. तो वसाहतीतच जन्मलेला, स्वतंत्र, जमीनजुमल्याच्या घरातला आणि टोळीचा म्होरक्या. तो निसटला. पकडलेले अकराही कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले.

पहिला खटला 15 नोव्हेंबर 1838 रोजी सिडनीत सरन्यायाधीश जेम्स डाउलिंग यांच्यापुढे चालला. सरकारतर्फे अ‍ॅटर्नी जनरल जॉन ह्यूबर्ट प्लंकेट, आयरिश माणूस. अठ्ठावीस खुनांपैकी आरोप मुख्यतः एकाच खुनाचा ठेवला होता, डॅडीचा. इतक्या मोठ्या अंगाचा माणूस ओळखायला सोपा, असा विचार असणार. बचाव पक्षाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. डॅडी मेला, हे कशावरून? ढिगातलं एक मोठं धड डॅडीचं असावं असं हॉब्सला वाटत होतं, पण शिराशिवायच्या, जळलेल्या देहाबद्दल शपथेवर ठाम सांगायला तो तयार नव्हता. प्रामाणिक साक्षीदाराचा प्रामाणिकपणाच त्याला नडतो तो असा.

प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. खुनाच्या खटल्यात मेलेला माणूस मेलाय हे आधी सिद्ध करावं लागतं. आमच्याकडेही प्रेत न सापडलेल्या खटल्यांत वकील हाच सूर धरतात, आणि न्यायालयं पुरावा फार चाचपून घेतात. पण ती आरोपीला सोडूनच देतात असं नाही. 1984 साली पुण्यातल्या एका मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या. वकील मंडळी त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. सार असं की सिद्ध झालेल्या गोष्टींची साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाव देणारी कुठलीही शक्यता उरू नये. त्या खटल्यात आरोपी सुटला, हेही लक्षात ठेवायला हवं. कसोटी कडकच आहे.

ती मायल क्रीकला लावून पाहू. डॅडीला अँडरसनने दोराला बांधलेला, जिवंत, हत्यारबंद स्वारांबरोबर जाताना पाहिला. मागावर जाणारी पावलं आहेत, येणारी नाहीत. मागाच्या टोकाला ढीग, ढिगात एक असामान्य मोठं धड. तेच स्वार नंतर चुलीतली जळती लाकडं घेऊन त्याच दिशेला गेले. त्यानंतर डॅडी कोणालाही दिसला नाही. आता तो जिवंत असल्याची शक्यता धरायची तर काय काय मानावं लागतं? एक थकलेला, प्रचंड देहाचा म्हातारा दोरातून सुटला, ओल्या मातीवर पाऊल न उमटवता निघून गेला, आणि त्याच्या जागी त्याच्याच मापाचा दुसरा कुणी येऊन जळला. वाजवी संशय म्हणजे कल्पनेतला कुठलाही संशय नव्हे. माझ्या मते साखळी पुरी होते.

ज्युरीने अर्धा तासही घेतला नाही. अकराही निर्दोष.

मी ज्युरीतल्या त्या बारा जणांना संशयाचा फायदा द्यायला तयार होते. डाउलिंगने त्यांना बजावलं होतं की कायद्यापुढे काळ्याचा जीव आणि गोऱ्याचा जीव सारखाच. ओळख पटवण्याचा मुद्दा खराच अडचणीचा, आणि साक्षीदार कैदी. पण नंतर एका वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात एका ज्युररचं बोलणं छापून आलं, आणि त्यात धडाचा विषयच नव्हता. आरोपी दोषी आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. काळ्याला मारल्याबद्दल गोऱ्याला फासावर जाऊ देणार नाही, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे धडाची चर्चा कोर्टासाठी, आणि निकाल घरून बांधून आणलेला.

त्या खटल्यात डँगर स्वतः बचाव पक्षातर्फे साक्षीला आला. अँडरसन त्याच्याच तळावरचा माणूस. त्याच्या शपथेवर विश्वास ठेवता येणार नाही, असं मालकाने मालकाच्या तोऱ्यात सांगितलं. आरोपींच्या वकिलांचा खर्च जमीनदारांनी वर्गणी काढून उचलला होता, आणि खरं बोललेल्या हॉब्सची नोकरी पुढे गेली. म्हणजे अँडरसनच्या साक्षीत विसंगती दाखवायची गरजच नव्हती, त्याची पायरी दाखवली की काम भागत होतं.

हे मला परकं वाटत नाही. आमच्या कोर्टात एकदा पारधी समाजातली एक बाई साक्षीला उभी होती. समोरच्या वकिलांचे पहिले प्रश्न घटनेबद्दल नव्हतेच. नवऱ्यावर किती केसेस आहेत, पोटाला काय करता, गावात स्वतःचं घर का नाही. ती उत्तरं देत होती, साहेब सांगत होते, मी टाइप करत होते: ‘हे म्हणणे खरे नाही की, आमच्या समाजातील लोक चोऱ्या करतात.’ ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ उलटतपासणीचं हे ठरलेलं वाक्य मी हजारो वेळा टाइप केलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हा नकार ज्याला द्यावा लागतो, तो आधीच अर्धा खोटा ठरलेला असतो. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 सालचा. तो रद्द होऊन कैक वर्षं झाली होती, पण त्या प्रश्नांना त्याची खबर नव्हती.

प्लंकेटने हार मानली नाही. पुढे त्याने जे केलं ते वकिली कसबाचा नमुना आहे. अकरापैकी सात जणांना पुन्हा उभं केलं, डॅडीच्या नव्हे तर एका मुलाच्या खुनासाठी. बचाव पक्ष म्हणाला, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा? न्यायालयाने ऐकलं नाही. खून झालेला माणूस वेगळा, तर गुन्हाही वेगळा. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायमूर्ती विल्यम बर्टन यांच्यापुढे हा दुसरा खटला चालला. अँडरसन या वेळी अधिक मोकळा बोलला. बदल्यात सुटका मागितलीस का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की फक्त संरक्षण मागतोय. सातही दोषी ठरले आणि 18 डिसेंबर 1838 रोजी फासावर गेले.

झोपडी तीच, दोर तोच, बारही तेच दोन. पंधरवड्यात पुरावा असा काय बदलला? ज्युरीची माणसं बदलली हे खरं. अँडरसनची भीड चेपली हेही खरं. पण माझा संशय असा की मूल आणि म्हातारा यांत फरक पडला. धिप्पाड काळा पुरुष मेला म्हटल्यावर ज्युरीच्या डोळ्यांपुढे गुरं मारणारा, भाला फेकणारा ‘शत्रू’ उभा राहात असेल. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो उभा करणं अवघड. प्लंकेटने हे ओळखून आरोप बदलला की निव्वळ ओळख पटवण्याची अडचण टाळली, यावर वाद घालता येईल. मला पहिलं जास्त पटतं.

फाशीआधी सातही जणांनी तुरुंगाधिकाऱ्यापाशी गुन्हा कबूल केला. काळ्यांना मारणं कायद्याविरुद्ध आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, कारण हे इतक्यांदा घडत आलेलं होतं, असं त्यांचं म्हणणं. निर्लज्ज बचाव वाटतो, पण मला तो खरा वाटतो, आणि सरकारच्या विरोधातलं सर्वांत मोठं दोषारोपपत्रही. फासावर गेलेल्यांत जॉन जॉन्स्टन नावाचा एक जण स्वतः आफ्रिकी वंशाचा होता. गोरे आणि काळे अशी सरळ रेघ आखून जे हे प्रकरण सांगतात ते त्याचं नाव सहसा गाळतात.

आता डेव्ही. त्याचं मूळ नाव यिंतायिंतिन. तो मूळनिवासी, पण दुसऱ्या भागातला, तळावर गुरं राखायला होता. त्या संध्याकाळी तो लपत लपत स्वारांच्या मागे गेला आणि झाडाआडून त्याने सगळं पाहिलं. हॉब्सला त्या जागेवर घेऊन जाणारा तोच. संपूर्ण वसाहतीत सरकार पक्षाकडे खरा डोळ्यांदेखतचा साक्षीदार एकच होता, आणि त्याला कठड्यात पाऊल ठेवता येत नव्हतं. कारण शपथ. खोटं बोलल्यास या जगात वा परलोकी शिक्षा देणारा ईश्वर जो मानतो, त्याचीच शपथ ग्राह्य, असा तेव्हाचा इंग्रजी कायदा, आणि मूळनिवासींना असा धर्मच नाही हे गृहीत. डेव्हीने हॉब्सला काय सांगितलं तेही चालत नव्हतं. तो ऐकीव पुरावा.

आपल्याकडे काय होतं? 1744 साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात ओमीचंद नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा दावा चालला. त्यात हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती, आणि लॉर्ड हार्डविक यांनी ती साक्ष मान्य केली. ख्रिस्ती नसला तरी चालेल, ईश्वर मानतो ना, मग पुरे. यात इंग्रजांचं मोठं मन वगैरे पाहायचं कारण नाही. कंपनीचा सगळा व्यापार हिंदी माणसांबरोबर. त्यांची साक्ष नाकारली तर देणी-घेणी सिद्ध कशी करणार? (आणि खरेपणाची खूण म्हणून ब्राह्मणाचेच पाय लागावेत, हेही मला काही सुखावत नाही.) डेव्हीच्या लोकांशी व्यापार नव्हता, त्यांची फक्त जमीन हवी होती.

पुढची गंमत तर क्रूर आहे. या खटल्यांनंतर 1839 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने मूळनिवासींची साक्ष शपथेविना घेता यावी असा कायदा केला. लंडनने तो नामंजूर केला. तेही 1840 मध्ये, ज्या वर्षी इकडे हिंदुस्थान सरकारने पाचवा कायदा करून हिंदू-मुसलमानांची गंगाजल-कुराणाची शपथ काढून टाकली आणि साध्या प्रतिज्ञेवर साक्ष घ्यायला सुरुवात केली. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी. नंतर ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींना मोकळीक दिली, तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळातले जमीनदार आडवे आले. मूळनिवासी माणसाला तिथे साध्या प्रतिज्ञेवर साक्ष देता यायला 1876 साल उजाडलं.

लेकीकडे सिडनीला गेले होते तेव्हा ती जागा पाहून आले. बिंगारा आणि डेलुंग्राच्या मधे, टेकाडावर लाल मुरमाची वळणाची वाट, वाटेत पाट्या आणि शेवटी एक मोठी शिळा. हे स्मारक 2000 साली झालं. मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज दोघेही त्याला आले होते. जावयाला वाटलं की मी तिथे काहीतरी बोलेन. मी खाली खोऱ्यात झोपडी कुठे असेल आणि तिथून अर्धा मैल म्हणजे कुठवर, याचा अंदाज घेत होते.

फ्लेमिंग कधीच पकडला गेला नाही. हॉक्सबरीच्या आपल्या मुलखात तो प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून जगला, चर्चचा कारभारी झाला आणि 1894 मध्ये म्हातारा होऊन मेला.

उरले चौघे: ब्लेक, तूलूज, पॅलिसर, लँब. प्लंकेटने त्यांना कोठडीतच ठेवलं. डेव्हीला ख्रिस्ती धर्माचं शिक्षण द्यायचं, शपथ घेण्याइतका तयार करायचा आणि मग खटला चालवायचा असा बेत होता. डेव्ही हाती लागला नाही. त्याला कोणी तरी संपवलं अशी वदंता होती. फेब्रुवारी 1839 मध्ये चौघे सुटले. प्लंकेटबद्दल मला आदर आहे, तरी या जागी तो मला पटत नाही. डेव्हीशिवाय सात जणांना शिक्षा झालीच होती. चौघांपैकी काहींना अँडरसनने नावानिशी ओळखलं होतं. पावलांचे माग, धड, तलवार, जळती लाकडं, सगळं रेकॉर्डवर आलेलं होतं. फाशीनंतर वसाहतीतले गोरे किती खवळले होते ते पाहता सरकारला आणखी खटला नकोसा झाला असेल, हे समजू शकतं. पण मग तसं म्हणावं. पुराव्याच्या नावावर ते खपवू नये. अँडरसन दोनदा कठड्यात उभा राहिला होता. तिसऱ्यांदा त्याचा पुकारा झालाच नाही.